जर्सीच्या पाठीवर छापलेली पोलीस भरती

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. पोलीस दलात भरती व्हा, हे आवाहन गावोगावचे संघ, क्रीडा मंडळे आणि स्पर्धा यांच्यामार्फत तरुणांपर्यंत पोहोचवले जाते. ते कितपत योग्य आहे आणि त्यात मंडळाची जबाबदारी किती, असे या पत्रांतून विचारले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे मंडळ गेली अनेक वर्षे कबड्डीच्या खुल्या स्पर्धा भरवते. यंदा एका खासगी पोलीस भरती अकादमीने जर्सी, मॅटचे भाडे आणि पहिले बक्षीस देण्याची तयारी दाखवली आहे. त्या बदल्यात जर्सीच्या पाठीवर ‘भरतीची शंभर टक्के हमी’ हे शब्द आणि मैदानाच्या चारही बाजूंना पोलिसांचे बोधचिन्ह असलेले फलक त्यांना हवे आहेत. दुसरीकडे, अंतिम सामन्याच्या दिवशी भरतीची माहिती द्यायला येऊ, असे पोलीस ठाण्यातूनही कळवले आहे. आमचे ज्येष्ठ सदस्य म्हणतात की दोन्ही एकच, पोरांचे भले होत असेल तर हरकत कशाला घ्यायची? आपले मत काय? – मंडळाचे सचिव, जि. सांगली

उत्तर : दोन्ही एकच नाहीत, आणि ज्येष्ठ सदस्यांना हा फरक समजावून सांगायचा असेल तर तो जर्सी छापायला टाकण्याआधीच सांगावा लागेल. ठाण्यातून येणारा अधिकारी शासनाच्या वतीने बोलतो. तो जे सांगेल ते अधिकृत जाहिरातीत तपासून पाहता येते आणि ते सांगण्याचे तो पैसे घेत नाही. अकादमी हा व्यवसाय आहे. व्यवसाय करण्यात गैर काही नाही, आणि पहाटे पाचला मैदानावर उभे राहून मुलांकडून मनापासून मेहनत करून घेणारे अकादमीचे प्रशिक्षक मी पाहिलेले आहेत. परंतु नेमणूक देणे कोणत्याही अकादमीच्या हातात नाही, आणि जे तिच्या हातात नाही त्याची हमी तुमच्या खेळाडूंच्या पाठीवर छापली गेली की ती हमी तुमच्या मंडळानेच दिली असे गाव समजते. गावातला बाप अकादमीला ओळखत नाही, तो मंडळाला ओळखतो.

ही हमी किती पोकळ असते, ते आकड्यांवरून पाहा. 2024 साली राज्यात 17,471 पदांची भरती निघाली आणि तिला सतरा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर जण उभे होते. पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. पुरुष उमेदवारांसाठी त्यात 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटर धावण्याला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण आहेत. 1600 मीटरचे पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर ते अंतर 5 मिनिटे 10 सेकंदांत संपवावे लागते, आणि 7.260 किलोचा गोळा साडेआठ मीटरवर टाकल्याखेरीज गोळाफेकीचे पूर्ण गुण मिळत नाहीत. मैदानी चाचणीत किमान निम्मे गुण मिळवणाऱ्यांमधून एका जागेमागे दहा या प्रमाणात उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात, आणि ही लेखी परीक्षा 100 गुणांची, म्हणजे मैदानाच्या दुप्पट वजनाची असते. एका चढाईत तीन गडी टिपणारा मुलगा अंकगणितात आणि मराठी व्याकरणात मागे पडला, तर निवड यादीत त्याचे नाव येत नाही. या सगळ्या वाटेवर ‘शंभर टक्के’ म्हणायला जागा कुठे आहे, हे त्या अकादमीच्या चालकांनाच बैठकीत विचारा.

कायद्याच्या बाजूनेही तुम्ही सावध असावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिकवणी संस्थांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. निवडीची किंवा नोकरीची खात्री देणारे खोटे दावे त्यांनुसार करता येत नाहीत, आणि यशस्वी उमेदवाराचे नाव वा छायाचित्र वापरायचे असल्यास त्याची लेखी संमती, तीही त्याची निवड झाल्यानंतर घेतलेली, जवळ असावी लागते. निव्वळ खेळाचे प्रशिक्षण या तत्त्वांच्या कक्षेबाहेर आहे; परंतु लेखी परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या संस्थेला ‘आम्ही फक्त मैदान घेतो’ असे म्हणून अंग काढून घेता येईल, असे मला वाटत नाही. बोधचिन्हाचे तर अगदी सरळ आहे. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद ज्या चिन्हावर आहे ते पोलीस दलाचे चिन्ह आहे. खात्याची लेखी परवानगी अकादमीने दाखवली नाही, तर ते फलकावर येता कामा नये.

या बाबतीत मी इतका आग्रही का आहे, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या स्पर्धेत मी पंच होतो. विजेत्या संघातला उजवा कोपरा सांभाळणारा मुलगा फार गुणी होता, त्याची घोट्याची पकड सुटतच नसे. त्या संघाच्या जर्सीवर अशाच एका अकादमीचे नाव आणि अशीच हमी होती. मुलाच्या वडिलांनी एक दुभती म्हैस विकून वर्षभराची फी एकरकमी भरली. मंडळानेच ज्यांना मैदानात आणले ते फसवणार नाहीत, एवढाच त्यांचा हिशेब होता. पावसाळा संपायच्या आत अकादमीच्या दाराला कुलूप लागले. पुढच्या वर्षी त्या गावी गेलो तेव्हा तो मुलगा पाठीवर पंप घेऊन द्राक्षबागेत औषध मारत होता आणि अंगात तीच जर्सी होती. अकादमीच्या मोबाइल क्रमांकातले शेवटचे चार आकडे तेवढे वाचता येत होते, बाकीचे धुण्यात उडून गेले होते. मंडळाच्या अध्यक्षांना त्या बापाच्या घरासमोरून जाताना मान वर करता येत नाही, असे त्यांनी स्वतः मला सांगितले.

म्हणून अकादमीची देणगी घ्यायचीच असेल तर ती मंडळाच्या बँक खात्यात धनादेशाने घ्या, रीतसर पावती द्या, आणि जर्सीवर संस्थेचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक एवढेच छापू द्या. हमीचा शब्द काढल्यावर अकादमीने हात आखडता घेतला, तर त्यांना मंडळाची पत विकत हवी होती असे समजून गावातल्या दूध संस्थेकडे किंवा एखाद्या दुकानदाराकडे जा. जर्सी थोड्या साध्या होतील, इतकेच.

पोलीस ठाण्याला मात्र जरूर बोलवा. दरवर्षी 2 जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन असतो आणि त्या आठवड्यात ठाण्यांकडून असे कार्यक्रम होतच असतात. तुमची स्पर्धा त्या सुमारास असेल तर दोन्ही गोष्टी सहज जुळून येतील. भाषण पाच मिनिटांच्या मध्यंतरात ठेवू नका, कारण तेव्हा कोणाचेच लक्ष नसते. बक्षीस समारंभानंतर मैदानाच्या कडेला एक टेबल आणि चार खुर्च्या मांडा, आणि शक्य असेल तर नुकतीच भरती झालेली एखादी महिला शिपाई पाठवण्याची विनंती करा. अशा मुलीशी आमच्या मुली मोकळेपणाने बोलतात. अर्ज अधिकृत संकेतस्थळावरूनच भरायचा असतो आणि परीक्षा शुल्काव्यतिरिक्त (2024 च्या भरतीत ते खुल्या प्रवर्गासाठी 450 आणि मागास प्रवर्गासाठी 350 रुपये होते) कोणालाही एक पैसा द्यायचा नसतो, हे अधिकाऱ्यांच्या तोंडून सर्वांसमोर वदवून घ्या. कोणा लोकसेवकाने किंवा त्याच्या नावाने मध्यस्थाने पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे, तो फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. आणखी एक विनंती आहे. स्पर्धेच्या प्रवेशिकांमध्ये मुलांचे दूरध्वनी क्रमांक असतात. ती यादी अकादमीच काय, कोणाच्याही हाती देऊ नका.

प्रश्न : मी गेली बारा वर्षे अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात राहतो. मुलाला घेऊन आमच्या भागातल्या लहानशा बेसबॉल संघाचे सामने पाहायला जातो. मैदानाच्या कुंपणावर आणि गुणफलकावर स्थानिक पोलीस खात्याची ‘आमच्यात या’ अशी जाहिरात असते. भारतात जागा निघाली की लाखो अर्ज येतात, इथे मात्र खात्याला उमेदवार शोधत मैदानात यावे लागते, हे पाहून नवल वाटते. अशा जाहिरातींचा खरोखर उपयोग होतो का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्याकडे राज्याचे एक पोलीस दल असते, अमेरिकेत तसे नाही. तिथे शहर, काउंटी, राज्य आणि केंद्र अशा पातळ्यांवर मिळून सुमारे अठरा हजार वेगवेगळ्या पोलीस यंत्रणा आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य लहान आहेत. ज्या खात्याला आपल्याच परिसरातली पंधरा-वीस माणसे हवी आहेत, त्याने दूरचित्रवाणीवर पैसे उधळण्यापेक्षा गावच्या संघाचे कुंपण निवडावे हे स्वाभाविक आहे. 2020 नंतर तिथल्या अनेक शहरांत राजीनामे व निवृत्त्या वाढल्या आणि नवे उमेदवार कमी झाले, त्यामुळे ही गरज अधिक जाणवू लागली.

उपयोगाविषयी मात्र मी साशंक आहे, आणि त्याला कारण आहे. पोलिसांचे नसले तरी सैन्यभरतीचे एक उदाहरण अगदी आकडेवारीसह उपलब्ध आहे. अमेरिकेच्या आर्मी नॅशनल गार्डने मोटार शर्यतीतल्या एका नामवंत चालकाच्या गाडीवर आपले नाव झळकवण्यासाठी 2012 या एका वर्षात 2 कोटी 65 लाख डॉलर खर्च केले. त्या वर्षी शर्यतीमुळे चौकशी करणारे 24,800 जण निघाले, त्यांपैकी पात्र ठरले 20, आणि प्रत्यक्ष दाखल झाला एकही नाही. 2014 मध्ये तो करार पुढे न चालवण्याचा निर्णय झाला. पोलिसांच्या अधिक जवळचे उदाहरण हवे असेल तर तिथल्या सीमा गस्त दलाचे घ्या. 2006 साली सहा हजार जवान वाढवण्याचे ठरल्यानंतर या दलानेही मोटार शर्यतीची गाडी आणि बैलावर स्वार होण्याच्या व्यावसायिक स्पर्धा पुरस्कृत केल्या होत्या. नाव घराघरांत पोहोचवण्यासाठी मैदान उत्तम आहे. परंतु मैदानावर नाव वाचलेला माणूस अर्ज भरेल, चाचणी देईल आणि टिकेल, ही फार पुढची गोष्ट आहे. माझ्या अनुभवात तरी तिथपर्यंत माणूस पोहोचतो तो ओळखीच्या शिपायाशी झालेल्या बोलण्यामुळे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर 2015 मध्ये अमेरिकेचे जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या दोन सिनेटरांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. संरक्षण खात्याने चार वर्षांत क्रीडा संघांशी केलेल्या जाहिरात करारांवर 5 कोटी 30 लाख डॉलर खर्च केले होते, आणि प्रेक्षक ज्याला संघाने आपणहून केलेला सैनिकांचा सन्मान समजत होते, त्यातले काही प्रसंग पैसे देऊन घडवलेले होते, हे त्यातून पुढे आले. पुढे तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने (एनएफएल) स्वतः हिशेब तपासून सुमारे 7 लाख 24 हजार डॉलर सरकारला परत केले. लोकांना राग आला तो खर्चाचा कमी आणि न सांगण्याचा जास्त. तुमच्या कुंपणावरची जाहिरात ही जाहिरात म्हणूनच लावलेली आहे, तोवर मला तिच्यात काही वावगे दिसत नाही. उद्या समालोचक सामना थांबवून एखाद्या शिपायाचा सत्कार करू लागला, तर त्यामागे करार आहे का हे विचारण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्या तुम्हाला आहे.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्याकडे पोलीस मदत केंद्रामार्फत व्हॉलीबॉल आणि कबड्डीच्या स्पर्धा होतात, मुले जीव ओतून खेळतात. बाहेरगावचे माझे मित्र म्हणतात की हा खेळ नाही, भरतीची जाहिरात आहे. मला उत्तर देता येत नाही. – एक शिक्षक, जि. गडचिरोली

उत्तर : मित्रांना सांगा की त्यात दोन्ही आहे, आणि ते कोणी लपवलेलेही नाही. वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने व्हॉलीबॉल आणि भगवान बिरसा मुंडा यांच्या नावाने कबड्डी, अशा स्पर्धा गडचिरोली पोलीस भरवतात. बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) तुरुंगात इंग्रजांनी फाशी दिली. ते नाव गोंड माणसाच्या किती जवळचे आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. याच पोलीस दलाची ‘दादालोरा खिडकी’ गावकऱ्यांना दाखले आणि योजनांचे अर्ज यांसाठी मदत करते आणि भरतीपूर्व प्रशिक्षणही देते. 1990 मध्ये माओवाद्यांशी लढण्यासाठी जे ‘सी-60’ हे पोलीस पथक उभे राहिले त्याचा पायाच असा होता की जंगल, पायवाटा आणि गोंडी-माडिया भाषा ज्याला येते तो स्थानिक तरुण बाहेरून आलेल्या दहा जणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. अशा तरुणाला शोधायचे तर तो जिथे संध्याकाळी जाळे बांधून खेळतो तिथेच जावे लागणार.

माझ्या दृष्टीने या उपक्रमाचे बळ असे की फलक लावून माणसे निघून जात नाहीत. स्पर्धेनंतर प्रशिक्षण मिळते, कागदपत्रांना मदत होते, आणि प्रशिक्षण घेऊन मुलगा पोलिसांऐवजी दुसऱ्या नोकरीत गेला तरी ते वाया जात नाही. काळजी एकाच गोष्टीची वाटते, आणि ती आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. पोलिसांशी बोलला एवढ्या संशयावरून ‘खबऱ्या’ ठरवून माओवाद्यांनी माणसे मारल्याचा इतिहास या जिल्ह्याला आहे. परिस्थिती आता पुष्कळ पालटली असली, तरी आतल्या गावातल्या कुटुंबाच्या मनातली भीती एका स्पर्धेने जात नाही. म्हणून कोणत्या मुलाने खेळायला यावे, कोणाचे छायाचित्र प्रसिद्ध व्हावे, हे ठरवताना त्या घराला आधी विचारले जावे, आणि हे विचारण्याचे काम आपल्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही. पोलिसांत जायचे नाही असे म्हणणाऱ्या मुलालाही संघात जागा असली पाहिजे. ती मिळते आहे ना, एवढे आपण पाहत राहिलात तर मित्रांना वेगळे उत्तर द्यावे लागणार नाही.

प्रश्न : सर, मी एकोणीस वर्षांची आहे आणि पाच वर्षे कबड्डी खेळते. आमच्याकडच्या प्रत्येक स्पर्धेत समालोचक माइकवरून सांगतात की खेळाडूंना पोलिसांत थेट नोकरी मिळते, म्हणून खेळा. माझ्याकडे सव्वीस प्रमाणपत्रे आहेत. माझी थेट निवड होईल का? आई-वडील म्हणतात की होणार असेल तरच पुढे खेळ. – एक खेळाडू, जि. परभणी

उत्तर : बेटा, तुला कोणीतरी हे आधीच स्पष्ट सांगायला हवे होते. समालोचक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून सांगतात. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले विजय चौधरी किंवा 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे राहुल आवारे यांना राज्य शासनाने पोलीस उपअधीक्षक पदावर थेट नेमले, हे खरे आहे. परंतु तो मार्ग अशा असामान्य कामगिरीसाठी आहे. तुझ्यासाठी जो मार्ग खुला आहे तो खेळाडूंच्या 5 टक्के समांतर आरक्षणाचा, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच खेळाडूंसाठी राखलेल्या जागांचा. त्यात मैदानी चाचणीही द्यावी लागते आणि लेखी परीक्षाही. फक्त तुझी स्पर्धा खेळाडू उमेदवारांशी असते आणि वयाच्या मर्यादेत पाच वर्षांची सवलत मिळते. 2024 च्या 17,471 पदांवर ढोबळ हिशेब केला तर या आरक्षणाच्या जागा राज्यभर मिळून पावणेनऊशेच्या आसपास येतात, आणि त्या घटकनिहाय (जिल्हा, आयुक्तालय अशा पोलीस घटकांनुसार) व प्रवर्गनिहाय वाटल्या जातात.

आता प्रमाणपत्रांविषयी. मंडळाच्या खुल्या किंवा निमंत्रित स्पर्धेचे प्रमाणपत्र, मग त्यावर आमदारांची सही असो की तहसीलदारांची, या आरक्षणासाठी चालत नाही. शासन निर्णयात ठरवून दिलेल्या स्तराच्या, मान्यताप्राप्त संघटनेने घेतलेल्या अधिकृत स्पर्धेतली कामगिरी लागते, आणि ते प्रमाणपत्र क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे, आणि खऱ्या खेळाडूच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. या कार्यालयाच्या दारात मी एका मुलाला पाहिले होते. त्याच्या हातात पिशवीभर लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रे होती. लिपिकाने ती एकेक करून बाजूला ठेवली आणि शेवटी टेबलावर ग्राह्य अशी एकही उरली नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा पडताळणी आत्ताच करून घे.

तुझ्या तयारीचा हिशेब असा आहे. महिलांसाठी 800 मीटर धावण्याला 20 गुण आहेत आणि पूर्ण गुणांसाठी वेळ 2 मिनिटे 50 सेकंद आहे. 100 मीटर 14 सेकंदांत आणि 4 किलोचा गोळा 6 मीटरवर, असे जमले तर त्यांचे प्रत्येकी 15 गुण मिळतात. कबड्डी खेळणाऱ्या मुलीचे 100 मीटर सहसा चांगले असते, कारण निदानरेषेपासून झेपावण्याची सवय असते, पण 800 मीटरला दमसास कमी पडतो आणि गोळ्याकडे तर कोणी लक्षच देत नाही. आठवड्यातले तीन दिवस सरावानंतर धावणे आणि दोन दिवस गोळा, असे सहा महिने कर. रोज दीड तास अंकगणित आणि व्याकरण. उंची 155 सेंटिमीटर लागते, ती शासकीय रुग्णालयात मोजून घे, घरच्या भिंतीवरच्या खुणेवर विसंबू नकोस.

आई-बाबांना माझा निरोप सांग की ‘होणार असेल तरच’ या अटीवर कोणतीही भरती उभी राहत नाही, पण पाच वर्षे खेळलेल्या मुलीचे अंग तयार आहे आणि अर्धे काम झालेले आहे. बारावी झाली आहे का, ते तू पत्रात लिहिलेले नाहीस. झाली नसेल तर आधी ती पूर्ण कर, कारण त्याशिवाय अर्जच भरता येत नाही. सव्वीसपैकी ज्या प्रमाणपत्रांवर राज्य किंवा जिल्हा संघटनेचे नाव आहे, तेवढ्यांच्या वाचता येतील अशा प्रती मासिकाच्या पत्त्यावर पाठव. कोणती पडताळणीला न्यायची, ते मी पाहून तुला टपालाने कळवतो.